वरचे दहा मिलिमीटर

करडी पिकअप लिफ्टवरून खाली उतरली तेव्हा गॅरेजमधले सगळे हातातलं काम टाकून बघायला उभे राहिले, आणि नेमकं तेच थोरलीला खपलं नाही.

गाडी उभी मात्र देखणी राहिली होती. पिकअपचं नाक कारखान्यातूनच जरा खाली येतं, मागे ओझं पडलं की गाडी सरळ व्हावी म्हणून. पण मालकांना ते नाक डाचतं. चरीत घासतं, खडीत घासतं, आणि खरं सांगायचं तर रिकामी गाडी ओरडा खाऊन मान खाली घातलेल्या माणसासारखी दिसते. या करडीनं मान वर केली होती. सासऱ्यांनी चष्मा कपाळावर सारला, बॉनेटवरून तळवा फिरवला आणि म्हणाले, “पाणसळ लावल्यासारखी उभी आहे गं धाकटे. झकास!”

झकास. बावीस वर्षांत थोरलीच्या कामाला त्यांनी ‘बरं आहे’च्या पुढे शब्द दिला नव्हता.

धाकटी निळे हातमोजे उतरवत हसली. तिची नखंसुद्धा स्वच्छ. दिराशी लग्न करून या घरात येऊन तिला चार वर्षं झाली होती. येताना डिग्री घेऊन आली होती, आणि आल्यापासून गिऱ्हाइकं दारातून शिरताना विचारू लागली होती, “मॅडम आहेत का?” थोरली तिथेच समोर टेबलाशी बसलेली असायची. तिलाच विचारायचे, “वहिनी, मॅडम कुठायत?” वहिनी म्हणजे जशी काही भिंतीवरचा पंखा, आहे तर आहे.

कानामागून आली आणि तिखट झाली, हे थोरलीनं तोंडानं कधी म्हटलं नव्हतं. ती भांडकुदळ बाई नव्हतीच मुळी. ती फक्त मनात म्हणायची. दिवसातून चार-पाच वेळा.

पण आता गोष्ट नुसत्या मानपानाची राहिली नव्हती. पिकअपचं नाक वर काढायचे दोन मार्ग असतात. पुढच्या चाकापाशी स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र बांधलेला एक पाय असतो, त्याला स्ट्रट म्हणतात. पहिला मार्ग असा, की हा जुना पाय तसाच ठेवायचा आणि त्याच्या डोक्यावर ॲल्युमिनियमची जाड चकती घालायची. तो स्पेसर. दुसरा मार्ग म्हणजे जुना पायच काढून टाकायचा आणि त्या जागी उंच, नवा स्ट्रट बसवायचा. तो तयार खोक्यातून येतो, आणि त्याचं कडं फिरवून उंची कमी-जास्त करता येते.

स्पेसर थोरलीचा नवरा स्वतः कातायचा. गावभर त्याला टर्नरच म्हणत. दाराजवळ, जिथे दिवसभर उजेड असायचा, तिथे त्याचा लेथ उभा होता. त्यावर वाकलेली त्याची पाठ बघतच गॅरेजची सकाळ सुरू व्हायची. आणि स्पेसर किती जाडीचा कातायचा तो आकडा थोरली द्यायची. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत फूटपट्टी धरायची, मालकाला ओझ्याचं विचारायची, मग लेथशेजारच्या पत्र्यावर खडूनं आकडा लिहायची. टर्नर तो वाचायचा आणि कातायचा. बावीस वर्षांत त्यानं ‘का’ म्हणून विचारलं नव्हतं.

धाकटी खोकी मागवू लागल्यापासून स्पेसरची कामं निम्म्यावर आली होती. आता तिला दुसरी लिफ्ट हवी होती, आणि त्यासाठी सगळ्यांनी मनात धरलेली जागा एकच होती. दाराजवळची. लेथची.

“लेथ काढला तर दादानं काय करायचं?” दिरानंच विचारलं होतं, जेवायला बसल्यावर. बायकोची बाजू घेता घेता भावाचीही घ्यायची त्याची सवय होती. दोन्ही दगडांवर पाय ठेवून तो अजून पडला कसा नाही, याचं घरात सगळ्यांना आश्चर्य वाटायचं.

“टायर उचलेल,” थोरली पटकन म्हणाली. “नाहीतर चहा आणून देईल मॅडमच्या गिऱ्हाइकांना.”

“ताई, असं कुठे म्हटलं मी?” धाकटी कळवळून म्हणाली. “मी एवढंच म्हणते की टाच उंच लावली म्हणून गुडघा बरा होत नाही. ज्याचा शॉकअपच गेलाय त्याला स्पेसर घालून काय उपयोग?”

“आणि ज्याचा गेलेला नाही त्याचा धडधाकट पाय कापून नवा लावायचा? ही कुठली डॉक्टरकी?”

“भांडू नका,” सासरे म्हणाले. त्यांनी घास गिळला, पाणी प्यायले आणि निकाल दिला. “मधवाल्याच्या दोन गाड्या आल्यात. एकाच वर्षाच्या, सारख्याच. करडीला स्ट्रट घाला, पांढरीला स्पेसर. दोन्ही दोन-दोन इंच उचला. पंधरा दिवस पळवू दे त्याला. तो सांगेल ती खरी. स्पेसर जिंकला तर लेथ राहिला. स्ट्रट जिंकला तर लेथ विकायचा. मग कुणी तोंड वाकडं करायचं नाही.”

त्या रात्री टर्नरला झोप आली नाही, आणि तो कूस बदलतोय हे थोरलीला कळत होतं.

आणि आता करडी तयार होऊन उभी होती. सासरे तिला झकास म्हणत होते. मधवाला तिच्याभोवती फेऱ्या मारत होता. हा मधवाला म्हणजे काडीसारखा वाळलेला माणूस. मधमाश्यांच्या पेट्या हौद्यात रचून या बागेतून त्या बागेत नेणं हा त्याचा धंदा, आणि बागांचे रस्ते म्हणजे नुसते खड्डे.

“वा मॅडम,” तो म्हणाला. “गाडी नव्हे, नवरदेव दिसतोय.”

“पांढरी उद्या मिळेल,” थोरली टेबलावरून म्हणाली.

“मिळू दे की सावकाश, वहिनी. घाई नाही.”

घाई नाही! थोरलीनं टेबलाचा खण धाडकन लावला.

दुसऱ्या दिवशी धाकटी माहेरी गेली होती, आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला. करडी अजून बाहेरच उभी होती, कारण मधवाला दोन्ही गाड्या एकदमच नेणार होता. थोरलीनं पांढरीच्या मडगार्डला फूटपट्टी लावली. मग कुणी बघत नाहीसं पाहून ती बाहेर गेली आणि करडीलाही लावली. फरक बरोबर दोन इंच, म्हणजे पन्नास मिलिमीटर. धाकटीनं केसभरही इकडे-तिकडे केलं नव्हतं.

हिशेब सोपा होता. सासऱ्यांनी तिला पहिल्याच वर्षी शिकवलेला. स्ट्रट चाकावर सरळ बसत नाही, तो चाकाला धरणाऱ्या खालच्या दांड्याच्या मध्यावर बसतो. म्हणून वर एक घातलं की चाकाशी दोन उचललं जातं. पन्नास उचलायचे तर पंचवीसचा स्पेसर. हे तिला झोपेतही सांगता आलं असतं.

तिनं खडू हातात घेतला. पत्र्यावर पंचवीसातला दोन लिहिला. मग ती थांबली.

दोन्ही गाड्या शेजारी उभ्या राहणार. सारख्याच उंचीच्या. मग लोक बघणार कोणत्या गाडीकडे? नव्या, चकचकीत पायांच्या. पांढरी तिच्याएवढीच उभी राहिली तर कोण म्हणणार झकास? पण पांढरी जर जराशी वर राहिली, बघणाऱ्याला कळणारही नाही इतकी, पण डोळ्यांत भरेल इतकी, तर? मधवाला दोन्हींच्या मधे उभा राहील आणि त्याचं त्यालाच वाटेल, ही जास्त रुबाबदार दिसते.

माणसाचं मन मोठं वकील असतं. त्यानं लगेच दाखले काढले. इंजिनाचं वजन पुढेच असतं. रस्ते खराब आहेत, उंची जास्तच बरी. पाच-दहा मिलिमीटरनं कुणाचं काय जातंय?

तिनं दोन पुसला आणि लिहिलं, पस्तीस.

टर्नरनं पत्रा बघितला. कधी नव्हे तो वळला.

“पस्तीस?”

“हो.”

“दोन इंचाला?”

“बसल्यावर दबेल थोडा.”

“ॲल्युमिनियम कधीपासून दबायला लागलं?”

“अहो, आकडा कोण देतं, तुम्ही का मी?”

टर्नरनं चष्मा लावला, ॲल्युमिनियमचा गोळा चकात, म्हणजे लेथच्या जबड्यात, धरला आणि लेथ चालू केला. चांदीसारखा कीस वळवळत खाली पडू लागला. त्यानं ते दोन स्पेसर इतके सुबक कातले की कडेवर बोट फिरवलं तर रेशीम लागावं.

चाकांची अलाइनमेंट दिरानं केली. मशीनपाशी तो बराच वेळ घुटमळला. “वहिनी, ही ओढूनताणून बसतेय. पार शेवटच्या रेघेवर आलीय.”

“बसली ना?”

“बसली.”

“मग झालं तर. गाड्या रेघांवर चालत नाहीत, भाऊजी, रस्त्यावर चालतात.”

दीर हसला. भांडण टळत असेल तर तो कशालाही हसायचा.

संध्याकाळी मधवाला माणूस घेऊन आला. दोन्ही गाड्या शेजारी उभ्या होत्या, आणि पांढरी खरंच उठून दिसत होती. तो तिच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभा राहिला. “काय नाक काढलंय वर! हिच्यापुढे करडी म्हणजे पाठची बहीण वाटते.”

“तसं काही नाही,” थोरली म्हणाली. तोंडात साखर ठेवल्यासारखं झालं होतं तिला. फार दिवसांनी तिला त्या दिवशी गाढ झोप लागली. सत्कर्माचीच झोप अशी लागते असं नाही, हे तिला पुढे कळायचं होतं.

आठवडा गेला. धाकटी माहेरून आली ती आईच्या मोतीबिंदूच्या गोष्टी घेऊन. थोरलीसाठी तिनं एक छोटी पिशवी आणली होती. आत करड्या रंगाचे कापडी हातमोजे होते.

“ताई, फूटपट्टी धरता ना तुम्ही, मडगार्डच्या कडेला बोटं कापतात. म्हणून.”

“बावीस वर्षं कापतायत. आता सवय झाली बोटांना,” थोरली म्हणाली आणि पिशवी खणात टाकली. पण धाकटीचा चेहरा पडला ते तिनं पाहिलं होतं, आणि दिवसभर तिला त्या खणाकडे बघवेना. वाईट माणसाचा हेवा करणं सोपं असतं. जिच्यात खोट सापडत नाही तिचा हेवा करायला रोज नव्यानं कष्ट घ्यावे लागतात, आणि थोरली ते न चुकता घेत होती. धाकटी हळू बोलली तर ती आतल्या गाठीची ठरायची, मोठ्यानं हसली तर उथळ. गिऱ्हाइकाला तिनं स्वतःहून सांगितलं की तुम्हाला नव्या स्ट्रटची गरज नाही, तरी थोरली मनात म्हणायची, दाखवतेय बघा मोठेपणा.

दहाव्या दिवशी सकाळी मधवाला आला तेव्हा आधी कुणी त्याला ओळखलंच नाही. एक डोळा मिटलेला, वरचा ओठ लोंबता, आणि कान तर एखाद्या दुसऱ्याच माणसाचा आणून लावल्यासारखा.

“अहो, हे काय झालं?” दीर धावला.

“बाझ्या बाश्यांदी बला चावलं,” मधवाला म्हणाला. मग ओठ हातानं धरून त्यानं नीट सांगितलं. “वीस वर्षं माश्या सांभाळतोय. इतक्या एका वेळी कधी चावल्या नाहीत. तुमची ती पांढरी! खड्ड्यातून चाक खाली गेलं की समोरून खाड करून हातोडा मारल्यासारखा आवाज येतो. प्रत्येक खड्ड्याला खाड, आणि प्रत्येक खाडला मागच्या पेट्या उडतात. बागेत जाऊन पहिली पेटी उघडली तर आतून सगळं गावच बाहेर आलं माझ्या अंगावर. माश्या मला ओळखेनाशा झाल्या हो!”

“आणि करडी?” सासऱ्यांनी विचारलं.

“ती बिचारी गुमान जाते. पांढरीचं अजून ऐका. पेट्या भरल्या की तिचं नाक इतकं वर जातं की गाडी आभाळाकडे बघत चालते. अंधार पडला की दिवे समोरच्याच्या डोळ्यांत. येणारा जाणारा प्रत्येक जण शिव्या देऊन जातो. माझ्या आईला इतक्या लोकांनी कधी आठवलं नसेल.”

दीर हसू दाबायला पाठमोरा झाला. थोरली हसली नाही. ‘खाड’ हा शब्द तिच्या कानात तसाच राहिला होता. तो आवाज कशाचा, हे गाडी न बघताही तिला कळलं होतं.

पांढरी लिफ्टवर गेली. धाकटी खाली शिरली, हातात टॉर्च. टॉर्चचा उजेड एका जागी थांबला. मग म्हणाली, “मामंजी, जरा इकडे या.”

सासरे वाकून बघू लागले. वरच्या दांड्याला चाकाशी जोडणारा बॉल जॉइंट पार टोकापर्यंत वळला होता. त्याचं रबर फाटलं होतं आणि फटीतून काळं ग्रीस ओघळलं होतं. दांडा स्प्रिंगवर आपटून आपटून तिथे रंग उडाला होता, लोखंड उघडं पडलं होतं.

“अजून महिनाभर असंच चाललं असतं ना,” धाकटी हळूच म्हणाली, “तर एखाद्या खड्ड्यात हा जॉइंट निसटला असता. चाक आडवं.”

मधवाल्यानं ओठावरचा हात काढला. “म्हणजे मी...?”

थोरलीनं टेबलाची कड घट्ट धरली. दिसायला बरी दिसावी म्हणून तिनं दहा मिलिमीटर वाढवले होते. त्या दहा मिलिमीटरवर हा वाळका माणूस दहा दिवस बसून फिरला होता.

धाकटीनं स्ट्रट सोडवला, स्पेसर काढला, पुसला, आणि जाडी मोजायला व्हर्नियर लावला. एकदा बघितलं. परत लावून बघितलं.

“पस्तीस,” ती म्हणाली. “पंचवीस हवा होता. पस्तीस आहे.”

सासऱ्यांनी तो स्पेसर हातात घेतला आणि लेथपाशी गेले. टर्नर कापडानं हात पुसत उभा होता.

“हे काय आहे?”

टर्नरनं कापड खांद्यावर टाकलं.

“अरे, केसाएवढा फरक समजू शकतो. पंचवीसच्या जागी पस्तीस? आकडा दिसला नाही का तुला पत्र्यावरचा?” सासऱ्यांचा आवाज चढला नव्हता. उलट तो खाली आला होता, आणि ते जास्त वाईट होतं. “डोळे गेलेत तुझे. सांगायचंस तरी. माणसानं वेळेवर थांबावं. मी नाही थांबलो? धाकटे, तुझ्या लिफ्टवाल्याला बोलाव. लेथ या आठवड्यात काढून टाकू.”

पत्र्यावरचा खडू त्याच संध्याकाळी पुसला गेला होता. तिथे पस्तीस लिहिला होता हे जगात दोनच माणसांना माहीत होतं. टर्नरनं थोरलीकडे पाहिलं नाही. त्यानं फक्त म्हटलं, “बरं, बाबा.”

‘बरं, बाबा.’ एवढंच. तीस वर्षांचा हात त्यानं दोन शब्दांत टाकून दिला.

“मामंजी, थांबा,” धाकटी म्हणाली. “असा निकाल नका लावू. दोष स्पेसरचा नाही. या गाडीचे स्ट्रट अजून चांगले आहेत, तेलाचा थेंब नाही कुठे. पंचवीस घातला असता तर हीसुद्धा करडीसारखीच चालली असती. खरं विचाराल तर हिला नवे स्ट्रट घालणं म्हणजे मधवाल्यांच्या पैशांची नासाडीच. मी हेच सांगणार होते पंधरा दिवसांनी.”

म्हणजे थोरली जिंकणार होती. काही न करता, नुसता खरा आकडा लिहून जिंकणार होती. आणि तेसुद्धा धाकटीच्या तोंडून! त्या क्षणीही, अगदी त्या क्षणीही, थोरलीला पहिल्यांदा वाटलं ते हेच, की हिला बरं जमतं चांगलं वागायला. आणि मग स्वतःच्याच या विचाराची तिला अशी काही किळस आली की ती उठून उभी राहिली.

“आकडा मी दिला,” ती म्हणाली.

सासरे वळले. “कोणता आकडा?”

“पस्तीस. मी लिहिला पत्र्यावर. त्यांनी विचारलंही होतं मला. त्यांचे डोळे चांगले आहेत.”

सासऱ्यांनी चष्म्यातून तिच्याकडे नीट पाहिलं. बावीस वर्षांपूर्वी त्यांनीच तिला फूटपट्टी धरायला शिकवलं होतं. “गडबडीत चुकलीस?”

दार उघडून दिलं होतं त्यांनी. ‘हो’ म्हटलं की झालं असतं. चूक कुणाची होत नाही?

“नाही,” थोरली म्हणाली. “पंचवीसच पाहिजे हे मला माहीत होतं. पांढरी करडीपेक्षा उंच दिसावी म्हणून केलं. लोकांनी तिच्याकडे बघावं म्हणून.” तिनं टेबलाची कड सोडली. “तुम्ही धाकटीच्या कामाला झकास म्हणालात. मला ते बघवलं नाही.”

दीर दोन्ही दगडांवरून उतरून जमिनीकडे बघत उभा होता. धाकटीचे डोळे मोठे झाले होते. तिला आजवर वाटत होतं, ताईंचा स्वभावच तुटक बोलण्याचा आहे.

पहिला बोलला तो मधवाला. “म्हणजे,” तो सुजल्या ओठांतून म्हणाला, “तुम्ही जावाजावा भांडलात, आणि चावल्या मला?”

दिराला हसू आवरलं नाही. थोरली मात्र पुढे आली आणि तिनं मधवाल्यासमोर हात जोडले. “तुमच्या जिवावर बेतलं असतं. काय तोंडानं माफी मागू?”

“अहो, ठीक आहे, वहिनी,” तो गडबडून म्हणाला. “पण गाडी आजच करून द्या. आणि... मॅडमना एकदा बघू द्या तेवढं.”

हे शेवटचं त्यानं मुद्दाम म्हटलं नव्हतं. म्हणूनच ते खोल लागलं.

सासऱ्यांनी स्पेसर हातात एकदा फिरवला. मग तो टर्नरच्या हातात परत दिला. “लेथ जागचा हलणार नाही,” ते म्हणाले. “सांगितलेलं यानं बिनचूक कातलं. चूक सांगणाऱ्याची. तेव्हा जागा जाईल ती सांगणाऱ्याची. थोरले, तुझं टेबल आणि त्यामागचं सुट्या भागांचं कपाट मागच्या खोलीत जाईल. त्या मोकळ्या जागेत लिफ्ट बसेल. आणि आजपासून आकडा धाकटी देईल.”

“मामंजी, टेबल कशाला...” धाकटी म्हणू लागली.

“तू गप्प बस. तुझं काय चुकलंय की तू मधे बोलतेस?”

थोरलीला रडू येत नव्हतं. टेबल जाणार, दारातून येणारं गिऱ्हाईक आता तिला दिसणारही नाही, ‘मॅडम कुठायत’ एवढं विचारायलासुद्धा कुणी तिच्याकडे येणार नाही. ते सगळं तिला स्वच्छ दिसत होतं. पण लेथ राहिला होता. तिनं खण ओढला आणि तो रिकामा करायला घेतला.

टर्नर जवळ आला. कपाटाची एक बाजू त्यानं धरली, दुसरी तिनं. मागच्या खोलीत ठेवताना तो म्हणाला, “पस्तीस ऐकलं तेव्हाच मला शंका आली होती.”

“मग कातलात कशाला?”

“तुझा आकडा कधी चुकला नाही. वाटलं, असेल काहीतरी मला न कळणारं.”

“आणि बाबांसमोर ‘बरं’ कशाला म्हणालात? माझं नाव सांगायचं होतं.”

“ते कुठे विचारलं त्यांनी?” टर्नर म्हणाला. मग थोडं थांबून, “पुन्हा कधी कुणाचा हेवा वाटला तर आधी मला सांग. मी पंचवीसच कातीन, वरून पस्तीस म्हणून चिठ्ठी लावून देईन.”

तिला हसायचं नव्हतं. तरी नाकातून हवा निसटली.

दुपारपर्यंत नवा बॉल जॉइंट आला. मधवाला बाहेर बाकावर ओला रुमाल तोंडाला लावून बसला होता. धाकटीनं पांढरीच्या मडगार्डला फूटपट्टी लावली. मधवाल्याला पेट्यांचं वजन विचारलं, कागदावर मांडलं, पुन्हा एकदा ताडून पाहिलं. मग खडू उचलून ती लेथपाशी गेली. पत्र्यावर तिनं आकडा लिहिला.

“पंचवीस, दादा,” ती म्हणाली.

टर्नरनं गोळा चकात धरला. पण बटण दाबलं नाही. त्यानं मान वळवून मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. तिथे थोरली खोक्यांमध्ये नटबोल्ट लावत बसली होती. धाकटीनंही पाहिलं. दिरानं पाहिलं. बाहेरून मधवाल्यानंसुद्धा एका उघड्या डोळ्यानं पाहिलं.

आकडा बरोबर होता. एवढी एकच गोष्ट वेगळी असती, आकडा जरासा चुकला असता, तर थोरलीला किती सोपं गेलं असतं! पण तो बरोबर होता, आणि यापुढेही बरोबरच येणार होता, रोज, आणि तो तिचा असणार नव्हता. छातीत ते जुनं काहीतरी पुन्हा टोचून गेलं. कबुली दिली म्हणून ते मेलेलं नव्हतं. ते तिथेच होतं.

होकाराची मान हलवायला तिला बराच वेळ लागला. तेवढा सगळा वेळ टर्नर बटणावर बोट ठेवून थांबून राहिला.